डिझाईन चांगलं होतं, मग बिल्डिंग अशी का झाली?

काही वर्षांपूर्वी एका ऑफिस बिल्डिंगच्या वीज मीटरचे आकडे घेऊन मी बसले होते. बिल्डिंग वापरात येऊन वर्ष झालेलं, लॉबीत ग्रीन रेटिंगची पाटी लागलेली, आणि डिझाईन करताना आमच्या टीमने सिम्युलेशन करून जेवढी वीज लागेल म्हणून सांगितलं होतं त्याच्यापेक्षा प्रत्यक्षात बरीच जास्त जात होती. आधी वाटलं मीटरच चुकत असेल. मग तासातासाचे आकडे उघडले. रात्री अडीच वाजता, आत चिटपाखरू नसताना, तिसऱ्या मजल्याचा एएचयू, म्हणजे थंड हवा ढकलणारं ते मोठं युनिट, भर दुपारी चालावं तसं चालू होतं. आणि एखाद्या रात्री नाही, सलग कित्येक महिने.

दुसऱ्या दिवशी प्लांट रूममध्ये गेले तर पॅनलवरचा स्विच 'ऑटो'वरून 'हँड'वर केलेला. ऑपरेटर काकांना विचारलं तर त्यांनी एक रजिस्टर काढलं, त्यात तारीख घालून नीट लिहिलं होतं, तिसरा मजला, उशिरापर्यंत मीटिंग, एसी चालू ठेवणे. बस, एवढंच. त्या संध्याकाळी कुणाचा तरी फोन आला, त्यांनी इमानेइतबारे स्विच फिरवला, रात्री शिफ्ट बदलली, आणि तो परत 'ऑटो'वर आणायचा असतो हे पुढच्या शिफ्टला कुणी सांगितलंच नाही. त्या स्विचचा आणि आमच्या सिम्युलेशनचा काही संबंध आहे हे त्यांच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

आता यात चुकलं कोण? डिझायनरने संध्याकाळी सातला युनिट बंद होणार असं धरलं होतं, ते बरोबर होतं. बीएमएस, म्हणजे बिल्डिंगमधली यंत्रं आपोआप चालू-बंद करणारी कॉम्प्युटर सिस्टीम, प्रोग्राम करणाऱ्याने तसंच टायमिंग टाकलं होतं, तेही बरोबर. ऑपरेटरने फोन आला म्हणून काम केलं, त्यांची तर काहीच चूक नाही. प्रत्येकाने आपापलं काम नीट केलं आणि तरी वीज वाया गेली, कारण एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना मधे जे सांगायचं होतं ते सांगणारं कुणी नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं, मी त्या प्रोजेक्टवर इंजिनिअरिंग मॅनेजर होते.

तेव्हापासून सस्टेनेबल डिझाईनकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. आपल्याकडे ग्रीन बिल्डिंग म्हटलं की लोक लगेच सोलर पॅनल, काचा, झाडं, रेटिंग यांच्यावर येतात, आणि इंजिनिअरिंग मॅनेजमेंट म्हटलं की बार चार्ट आणि मीटिंगचे मिनिट्स डोळ्यापुढे येतात. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध असं वाटतं. पण माझ्या मते बिल्डिंग किती ऊर्जा खाणार, तिच्यात किती सिमेंट जाणार, ती किती वर्षं नीट चालणार हे बहुतेक सगळं कोणता निर्णय कुणी आणि कधी घेतला, आणि घेतलेला निर्णय शेवटपर्यंत कुणी सांभाळला, यावर ठरतं. आणि विषय छोटा नाहीये, जगात ऊर्जा वापरातून आणि मटेरियल बनवताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो त्यातला एक तृतीयांशाहून जास्त वाटा इमारती बांधणं आणि चालवणं यांचा आहे.

आधी 'कधी' बद्दल सांगते कारण तिथेच सगळ्यात जास्त हातातून निसटतं.

२००४ च्या सुमारास पॅट्रिक मॅक्लीमी नावाच्या आर्किटेक्टने एक साधा आलेख काढला, आमच्या धंद्यात तो मॅक्लीमी कर्व्ह म्हणून सगळ्यांना माहीत आहे. त्यात एक रेघ खाली उतरते आणि एक वर चढते. खाली उतरणारी रेघ म्हणजे बदल करून फरक पाडायची ताकद, वर चढणारी म्हणजे तोच बदल करायचा खर्च. सुरुवातीला, म्हणजे अजून पेन्सिलने चौकोन काढणं चालू असतं तेव्हा, बिल्डिंगचं तोंड कुठे करायचं, मजला किती रुंद ठेवायचा, काच किती टक्के, हे सगळं खोडून परत काढायला काहीच लागत नाही. आणि नेमक्या ह्याच गोष्टींवर पुढची पन्नास वर्षं आत किती उन्हाचा ताप येणार आणि दिवसा लाईट लावायला लागणार की नाही हे ठरतं. आणि होतं काय, तर त्या टप्प्यावर टेबलापाशी फक्त आर्किटेक्ट आणि क्लायंट असतात. एसीचा इंजिनिअर येतो तेव्हा बिल्डिंगचा आकार ठरून गेलेला असतो आणि त्याला सांगतात की आता ही थंड करून दे. मग तो बिचारा मोठा चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी थंड करणारं मशिन, टाकतो, दुसरं काय करणार.

झिंबाब्वेमधल्या हरारेचं ईस्टगेट सेंटर बघा. १९९६ साली झालेली बिल्डिंग, आर्किटेक्ट मिक पिअर्स, इंजिनिअरिंग अरूप या कंपनीचं. वारुळात हवा कशी खेळते यावरून कल्पना घेतली म्हणून ती प्रसिद्ध आहे, पण मला तिच्यात जास्त महत्त्वाचं हे वाटतं की नेहमीसारखा मोठा एसी प्लांट बसवायचा नाही हे अगदी सुरुवातीला ठरलेलं होतं. रात्रीची थंड हवा काँक्रीटमधून खेळवायची, काँक्रीट गार करून ठेवायचं आणि दिवसा त्या गारव्यावर काम भागवायचं. याच्यासाठी स्लॅब तसा लागतो, मधे हवेचे शाफ्ट तसे लागतात, खिडक्या बाहेरून झाकलेल्या लागतात. स्ट्रक्चरचं ड्रॉईंग फायनल झाल्यावर कुणी येऊन म्हणालं की आता जरा नैसर्गिक हवा खेळवू या, तर ते होणार नाही.

आणि नुसतं लवकर भेटून पण भागत नाही, कामं कुठल्या क्रमाने होतात त्याने फार फरक पडतो. माझं याच्यावरचं आवडतं उदाहरण बिल्डिंगचं नाही, कारखान्याचं आहे. १९९७ मध्ये इंटरफेस या कार्पेट बनवणाऱ्या कंपनीचा शांघायला कारखाना उभा राहत होता. तिथल्या एका पंपिंग सिस्टीमला आधीच्या डिझाईनप्रमाणे ९५ हॉर्सपॉवरचे पंप लागणार होते. यान शिल्हाम नावाच्या इंजिनिअरने दोनच गोष्टी केल्या. पाईप जाड घेतले, आणि आधी पाईप कुठून कसे सरळ नेता येतील ते बघितलं, मग मशिनं त्याप्रमाणे ठेवली. पंप लागले ७ हॉर्सपॉवरचे. नवीन तंत्रज्ञान काही नाही. पाण्याचा प्रवाह तेवढाच ठेवून पाईपचा व्यास दुप्पट केला तर घर्षणाने जाणारा दाब साधारण ३२ व्या हिश्श्यावर येतो, हे आम्ही सगळ्यांनी कॉलेजात शिकलेलं असतं. पण प्रोजेक्टवर नेहमी उलटं होतं, आधी मशिनं आपापल्या जागी बसतात आणि मग पाईपवाला वळणं घेत घेत त्यांच्यापर्यंत पोचतो, कारण शेड्युलमध्ये मशिनरी लेआऊट आधी आणि पायपिंग नंतर असं लिहिलेलं असतं. शेड्युल कुणी बनवलं? मॅनेजरने. म्हणजे तिथे शेड्युलमधल्या दोन ओळींचा क्रम बदलणं हे सस्टेनेबल डिझाईनचंच काम होतं.

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या रेट्रोफिटमध्ये, म्हणजे जुन्या बिल्डिंगमधल्या सुधारणांच्या कामात, पण हेच दिसतं. २००९ च्या आसपास ते काम सुरू झालं. बिल्डिंगमधले चिलर जुने झाले होते, नेहमीचा रस्ता म्हणजे ते काढून नवे मोठे बसवायचे. तिथल्या टीमने आधी बाकीचं केलं. सुमारे ६,५०० खिडक्या काढून बिल्डिंगमध्येच एका मजल्यावर छोटं वर्कशॉप टाकलं, तिथे जुन्याच काचा साफ करून मधे फिल्म आणि गॅस भरून परत बसवल्या, रेडिएटरच्या मागे इन्सुलेशन लावलं, लाईटिंग सुधारलं. एवढं झाल्यावर थंडाव्याची गरजच इतकी कमी झाली की चिलर बदलायचे राहिलेच, होते तेच दुरुस्त करून भागलं. आणि त्या वाचलेल्या पैशातून बाकीच्या कामांचा बराच भार निघाला. ऊर्जेची ३८ टक्के बचत हे त्यांचं ठरवलेलं लक्ष्य होतं. आता कल्पना करा की चिलरचं टेंडर पहिल्या महिन्यात निघालं असतं आणि खिडक्यांचं दुसऱ्या वर्षी. खिडक्या तेवढ्याच चांगल्या झाल्या असत्या आणि चिलर मात्र अवाढव्य बसले असते, कमी लोडवर रखडत चालणारे.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, ती म्हणजे फी. बऱ्याच ठिकाणी सर्व्हिसेस कन्सल्टंटची, म्हणजे एसी, वीज, पाणी यांचं डिझाईन करणाऱ्याची, फी ही त्याने डिझाईन केलेल्या कामाच्या किमतीच्या टक्केवारीत असते. म्हणजे एखाद्या इंजिनिअरने चार महिने डोकं लावून, आर्किटेक्टशी भांडून, चिलर अर्ध्यावर आणला तर त्याची मेहनत दुप्पट आणि फी कमी. माणसं चांगली असतात, मी असे कित्येक कन्सल्टंट बघितलेत जे तरीही छोटा चिलर काढतात, पण आपण त्यांच्या चांगुलपणावर बिल्डिंग उभी करू नये. माझ्या हातात असेल तिथे मी फी कामाच्या तासांवर किंवा ठरीव रकमेवर ठेवते, आणि जमलं तर एक हिस्सा वर्षभरानंतरच्या मीटरच्या आकड्याशी बांधते. काँट्रॅक्टची भाषा हा सगळ्यात कंटाळवाणा भाग वाटतो, मला पण वाटायचा, पण डिझाईन किती टिकेल हे बरंचसं तिथे ठरतं.

आता व्हीई. व्हॅल्यू इंजिनिअरिंग. मूळ कल्पना फार चांगली आहे, की तेच काम कमी खर्चात कसं होईल ते शोधायचं, पण प्रत्यक्षात बजेटच्या वर गेलो म्हणून टेंडरनंतर एक मीटिंग बोलावतात आणि बीओक्यूवरच्या, म्हणजे कामं आणि त्यांच्या किमती यांच्या यादीवरच्या, ओळी खोडतात. एका प्रोजेक्टवर पश्चिमेच्या भिंतीवरचे उभे लूव्हर, म्हणजे ऊन अडवणाऱ्या पट्ट्या, असेच गेले. फसाडच्या, म्हणजे बाहेरच्या दर्शनी भिंतींच्या, बजेटमध्ये ती एक ठसठशीत रक्कम दिसत होती, कुणीतरी म्हणालं हे तर शोभेचे आहेत, आणि पाच मिनिटांत निर्णय झाला. फसाडवाले खूश. मी त्या मीटिंगमध्ये नव्हते. तीन आठवड्यांनी एसीच्या कन्सल्टंटचा मेल आला की पश्चिमेच्या झोनचा लोड, म्हणजे थंडाव्याची गरज, बसत नाहीये, डक्ट मोठा करावा लागेल, डक्ट मोठा झाला की फॉल्स सीलिंग खाली येतं, चिलर एक साईज वर जातो, मग केबल, मग ट्रान्सफॉर्मर. लूव्हर काढून जे वाचलं होतं त्याच्यातलं बरंचसं दुसऱ्या तीन पॅकेजमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या काँट्रॅक्टच्या कामांत, परत खर्च व्हायला निघालं होतं, आणि वर दर वर्षीचं वीज बिल वेगळंच.

मग मी काय केलं, तर एक कागद बनवला. एकच ओळ, तिच्यात शेजारी शेजारी रकाने, फसाडमध्ये किती वाचलं, एसीमध्ये किती वाढलं, इलेक्ट्रिकलमध्ये किती वाढलं, वर्षाला वीज किती जास्त, संध्याकाळी चार वाजता खिडकीशेजारच्या टेबलावर तापमान किती. सगळ्या पॅकेजचे लोक एका खोलीत बसवले आणि तो कागद ठेवला. वाद झालाच नाही. निम्मे लूव्हर परत आले, मधल्या मजल्यांवरचे, जिथे सगळ्यात जास्त ऊन येत होतं तिथले, आणि राहिलेल्या ठिकाणी काच बदलली. मला सगळे हवे होते, पण हेही चाललं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रोजेक्टच्या चेंज नोटवर खर्च आणि वेळ यांच्या जोडीला तिसरा रकाना असतो, ऊर्जा आणि कार्बन, आणि तो रिकामा असेल तर मी सही करत नाही. सुरुवातीला लोक कुरकुरले. आता साईटचे ज्युनियर इंजिनिअर स्वतःहून विचारतात की मॅडम हा बदल कुठे कुठे लागतो ते बघून घेऊ का.

काँक्रीटचा किस्सा जरा लांबलचक आहे पण तो सांगायचाच आहे.

सिमेंटमधून जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७ ते ८ टक्के येतो. त्यातला निम्म्याहून जास्त इंधनाचा नसतोच, चुनखडी भाजली की तो दगडातूनच बाहेर पडतो, त्यामुळे भट्टी कितीही चांगली केली तरी क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारा सिमेंटचा मूळ माल, आहे तोवर तो निघणारच. म्हणून क्लिंकरच कमी वापरायचा हा सरळ उपाय, त्याच्या जागी फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रातली राख, किंवा पोलाद कारखान्यातल्या भट्टीची बारीक दळलेली मळी, म्हणजे जीजीबीएस, घालायचं. आमच्या स्ट्रक्चरल डिझायनरने एका बिल्डिंगला सगळीकडे निम्मं सिमेंट काढून जीजीबीएस लिहिलं. कागदावर कार्बनचा आकडा सुंदर दिसत होता.

साईटवर पहिल्या काही पोअरनंतर, म्हणजे काँक्रीट ओतल्यावर, सात दिवसांचे क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, फोडले, आकडे कमी. आता ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे की असं काँक्रीट सुरुवातीला हळू चढतं आणि नंतर चढतच राहतं, अठ्ठावीस दिवसांनंतर सुद्धा. पण काँट्रॅक्टरच्या मॅनेजरला सात दिवसांवर स्लॅबचं शटरिंग काढून वरच्या मजल्याला न्यायचं असतं, त्याचं अख्खं गणित त्या सायकलवर बसलेलं असतं, आणि त्यात हवा थंड पडली होती, थंडीत ते आणखी सावकाश घट्ट होतं. साईटवर घबराट. प्लांटवरून सिमेंट वाढवून मागवायची बोलणी सुरू झाली होती, म्हणजे मिक्स बदलून टाकायचं आणि तो कार्बनचा सुंदर आकडा फाईलमध्ये तसाच राहू द्यायचा. मला कळलं ते एका बॅचिंग स्लिपवरून, म्हणजे प्लांटवरून येणाऱ्या मिक्सच्या पावतीवरून.

त्या दिवशी आम्ही डिझायनर, काँट्रॅक्टर आणि प्लांटचा माणूस, सगळे शेड्युल उघडून बसलो. आणि प्रत्येक घटकाला एकच प्रश्न विचारला, हा बाबा पूर्ण वजन उचलणार कधी? राफ्ट, म्हणजे पायाचा तो जाड थर, त्याच्यावर सगळे मजले चढून पूर्ण वजन यायला वर्ष जाणार होतं. तिथे अठ्ठावीस दिवसांत पूर्ण ताकद मागायचं काही कारणच नव्हतं, छप्पन्न दिवसांवर स्वीकारलं तरी चालत होतं. उलट जाड काँक्रीटमध्ये जीजीबीएसने उष्णता कमी निर्माण होते, भेगा कमी पडतात, म्हणजे तिथे तर ते आणखी जास्त घालता येत होतं. तळघराच्या भिंती, तसंच. खालचे कॉलम, थोडं जपून पण चालेल. स्लॅब मात्र खरंच अडचणीचे होते, त्यांना लवकर ताकद लागते, म्हणून तिथलं प्रमाण कमी केलं आणि शटरिंग काढायचा निर्णय कॅलेंडरवर न ठेवता काँक्रीटमध्ये तापमानाचे सेन्सर टाकून त्यावरून ताकदीचा अंदाज घेऊन करायचं ठरलं. एकूण कार्बन जवळपास होता तेवढाच राहिला आणि स्लॅबची सायकल पण सुटली.

यातलं तंत्र नवीन काहीच नाही, डिझायनरला सगळं ठाऊक होतं. त्याला माहीत नव्हतं ते इतकंच की कुठला स्लॅब कुठल्या दिवशी सोडायचा आहे. आणि काँट्रॅक्टरला सिमेंट कमी का केलंय हेच माहीत नव्हतं. मी पुढच्या कामाला यातून एक गोष्ट आधीच करून ठेवली, ट्रायल मिक्स. छप्पन्न दिवसांची ताकद बघायची तर छप्पन्न दिवसच थांबावं लागतं, त्याला काही शॉर्टकट नाही, म्हणजे पहिला पोअर ज्या दिवशी आहे त्याच्या निदान तीन महिने आधी मिक्स बनवून क्यूब भरून ठेवले पाहिजेत. तेव्हा बऱ्याचदा काँट्रॅक्टर नेमलेला पण नसतो. मग ते काम कुणाच्या खात्यात टाकायचं हे कुणीतरी ठरवायला लागतं, आणि नाही ठरवलं तर पोअरच्या आधल्या आठवड्यात सगळे म्हणतात की आता वेळ नाही, नेहमीचंच मिक्स घेऊ. डिझाईन चांगलं असून सुद्धा ते असंच गळतं, वेळ नाही म्हणून.

हवाबंदपणाचं थोडक्यात सांगते. पॅसिव्ह हाऊस नावाचं जे जर्मन स्टँडर्ड आहे, ज्याचं पहिलं घर १९९१ मध्ये डार्मश्टाटला झालं, त्यात अट अशी की पंख्याने ५० पास्कल दाब देऊन बघितलं तर तासाला आतल्या हवेच्या ०.६ पटीहून जास्त गळती नको. हे गाठायला भिंतीतून, छतातून, खिडकीच्या चौकटीभोवतीने एक अखंड हवाबंद थर जावा लागतो. आणि त्या थराला भोकं पाडणारे असतात वायरमन, प्लंबर, डक्टवाले, सगळे वेगळ्या काँट्रॅक्टचे. मी एका चाचणीला हातात धुराची पेन घेऊन फिरले आहे, अगदी व्यवस्थित प्लास्टर केलेल्या भिंतीवर एका स्विच बॉक्सपाशी धूर सरळ वर जायचा सोडून आडवा वाकला आणि झपकन बॉक्सबाहेर ढकलला गेला. मागे पाईपला सील केलेलं नव्हतं. बोटाएवढं भोक. तेव्हा अजून वरचं पॅनेलिंग लागलेलं नव्हतं म्हणून दहा मिनिटांत बुजलं, महिनाभराने सापडलं असतं तर पॅनेल उखडावे लागले असते, म्हणजे खरं सांगायचं तर कुणी उखडलेच नसते. त्यामुळे चाचणी दोनदा करायची, आणि पहिली चाचणी फिनिशिंगच्या आधी. आणि सगळ्या ट्रेडच्या वरती त्या एका थराची जबाबदारी असलेला एक माणूस नावाने नेमायचा, सगळ्यांची जबाबदारी असं लिहून काही होत नाही.

मग हँडओव्हर. हा आमच्या धंद्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे असं मला मनापासून वाटतं. काम आधीच उशिरा चाललेलं असतं, सगळ्यांना चावी द्यायची घाई असते, आणि कमिशनिंग, म्हणजे प्रत्येक यंत्रणा डिझाईनप्रमाणे चालते का ते तपासून बसवणं, हे सगळ्यात शेवटी असल्यामुळे आधीचा सगळा उशीर त्याच्या वाट्याच्या वेळेतून कापला जातो. सहा आठवडे ठेवलेले असतात, मिळतात दहा दिवस. त्या दहा दिवसांत पंखे फिरतात का एवढं बघून होतं. पंख्याचा स्पीड किती हवा हे कोण बघणार? आणि तिथे तर केवढी बचत असते, हवा ८० टक्क्यांवर आणली तर पंख्याची पॉवर साधारण ५१ टक्क्यांवर येते, कारण ती स्पीडच्या घनाप्रमाणे बदलते. व्हीएफडी, म्हणजे पंख्याचा स्पीड कमी-जास्त करणारा ड्राइव्ह, बसवलेला असतो, त्याचे पैसे दिलेले असतात, आणि तो कायमचा १०० वर लावून माणसं निघून जातात.

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यापासून प्रोब नावाने वापरात असलेल्या इमारतींचे अभ्यास झाले, लोकांना आत कसं वाटतं आणि मीटर काय म्हणतो असं दोन्ही बघून. बऱ्याच इमारती डिझाईनच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जास्त ऊर्जा खात होत्या, आणि कंट्रोल्स इतके गुंतागुंतीचे होते की चालवणाऱ्यांना ते उमगतच नव्हते. याच प्रकारच्या अनुभवातून पुढे बीएसआरआयए या संस्थेने २००९ मध्ये सॉफ्ट लँडिंग्ज नावाची पद्धत मांडली. तिचा गाभा म्हणजे डिझाईन आणि बांधकाम करणाऱ्या टीमने चावी देऊन पळायचं नाही, सुरुवातीचे आठवडे तिथेच बसायचं, आणि नंतर तीन वर्षांपर्यंत येत राहायचं, सेटिंग सुधारत राहायचं. ऑस्ट्रेलियात नेबर्स नावाचं इमारतींचं स्टार रेटिंग तर थेट बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष मीटरच्या आकड्यांवरच मिळतं, आणि बिल्डर आधीच लेखी कबूल करू शकतो की मी अमुक इतके स्टार गाठीन. मला ही पद्धत फार पटते. कारण मग सगळ्या निर्णयांना एक शेवट मिळतो, लूव्हर काढताना पण कुणीतरी विचारतं की मग स्टार जातील का.

मी आता काय करते, तर कमिशनिंगचे दिवस शेड्युलमध्ये असे टाकते की ते कापायचे तर क्लायंटची लेखी परवानगी लागेल. एसीची चाचणी थंडीत झाली असेल तर उन्हाळ्यात परत यायचं हे काँट्रॅक्टमध्येच लिहिलेलं असतं, त्यासाठी थोडी रक्कम राखून ठेवलेली असते. सब-मीटर कुठे लागणार हे सुरुवातीलाच ठरवते, कारण मजल्यामजल्याचा वेगळा आकडा नसेल तर तो रात्री अडीचचा एएचयू मला कधी सापडलाच नसता, सगळं एका मोठ्या बिलात बुडून गेलं असतं. पहिलं वर्षभर दर महिन्याला ऑपरेटरबरोबर एक तास बसते. रजिस्टर आधी वाचते, मग मीटर बघते. रजिस्टरमध्ये 'थंड वाटते' अशी तक्रार एकाच टेबलावरून चार वेळा आलेली असली की वर जाऊन बघायचं, एकदा सेन्सर फोटोकॉपी मशिनच्या डोक्यावर निघाला, मशिन गरम झालं की सेन्सरला वाटे खोलीच तापली आणि शेजारची बाई स्वेटर घालून काम करत होती. सेन्सर चार मीटर बाजूला घेतला, झालं.

आणि ज्या ऑपरेटर काकांपासून मी सुरुवात केली, त्यांना मी त्याच क्लायंटच्या पुढच्या बिल्डिंगच्या डिझाईन मीटिंगला बोलावलं. म्हणजे अजून ड्रॉईंग प्राथमिक असतानाच. आर्किटेक्टला जरा नवल वाटलं, काकांनाही अवघडल्यासारखं झालं होतं, पहिला तासभर ते काही बोललेच नाहीत. मग एएचयू रूमचं ड्रॉईंग स्क्रीनवर आलं तसे ते उठून पुढे गेले आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "मॅडम, इथला फिल्टर काढायचा कुठून? समोर भिंत आहे."

खरंच भिंत होती. फिल्टर पूर्ण बाहेर ओढायला जेवढी जागा लागते त्याच्या निम्मीच होती. म्हणजे तो वेळेवर बदलला गेला नसता, त्याच्यात धूळ साचत गेली असती आणि पंखा दर महिन्याला जास्त जोर लावत राहिला असता, आणि तीन वर्षांनी मी परत कुठेतरी आकडे घेऊन बसले असते की वीज का वाढतेय. आर्किटेक्टने तिथल्या तिथे भिंत सरकवली आणि दार दुसऱ्या बाजूला घेतलं, त्याला दहा मिनिटं लागली असतील. मग काकांनी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाले, आता पंप रूमचं दाखवा.